दोन सोडून

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही वही काचेच्या मापांची आहे. मी एकेचाळीस वर्षे सुतारकाम केले. लाकूड मी स्वतः कापीत असे. काच मात्र काचवाल्याकडून कापून आणावी लागे, आणि त्याला द्यावयाची मापे आमच्या मुलाची आई या वहीत लिहून घेई व तेथून चिठ्ठीवर उतरवून पाठवी. ती गेल्या मार्चमध्ये वारली. वहीची निम्मी पाने कोरी आहेत. कोरा कागद टाकून देणे मला पसंत नाही. सबब आमच्या इमारतीच्या दुरुस्तीची हकिगत आजपासून हिच्यात लिहीत जाईन. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे; परंतु त्या काळची चौथी ही चौथी होती. माझे शुद्धलेखन आजवर कोणी खोडलेले नाही.

दुरुस्ती करणाऱ्या कंपनीने जिन्याखालच्या फलकावर कागद लावला आहे. त्यात 'सुचना' असे ऱ्हस्व छापले होते. मी तांबड्या पेन्सिलीने दीर्घ केले.

मजकूर असा की, इमारतीच्या सर्व जुन्या खिडक्या काढून नवीन लाकडी खिडक्या बसविण्यात येतील. कंपनीचा मापे घेणारा मनुष्य रजेवर असल्यामुळे रहिवाशांनी आपापली मापे सोबतच्या तक्त्यात भरून द्यावीत. आठ घरे, एकतीस खिडक्या. रहिवासी मंडळाचे चिटणीस तडक माझ्याकडे आले.

"मिस्त्री, लोक शिवणाच्या टेपनं मोजायला बसले तर वाट लागेल सगळ्यांची. तुम्हीच घ्या ना मापं."

मी होकार दिला. ज्याचे काम त्याने करावे.

सूनबाई तक्ता लिहावयास बरोबर होती. मुलगा कामानिमित्त परगावी असतो. ती औषधांच्या दुकानात नोकरी करते. आज तिने रजा काढली. मी माझ्या घडीच्या लाकडी पट्टीने मोजीत होतो. भोकाच्या मापातून फटीची सूट मनातल्या मनात वजा करून चौकटीचा आकडा पुकारीत होतो. पट्टी जुनी आहे. तिचे टोक पूर्वी एकदा तुटले होते, तेथे मी पितळी टोपी बसविली आहे.

दुसऱ्याच घरात सूनबाई म्हणाली, "बाबा, टोपीला लागून एकदम तीनचा आकडा कसा काय?"

"एक आणि दोन टोपीखाली आहेत."

"टोपी तर नखाएवढी आहे."

"सूनबाई, पुकारलेला आकडा लिहायचा. एवढंच काम. मुलाच्या आईनं सव्वीस वर्षांत मला एक प्रश्न विचारला नाही."

त्यानंतर तिने विचारले नाही. चार वाजेपर्यंत एकतीस खिडक्या पूर्ण. तक्त्याखाली मी सही केली: मापे घेणार, आणि पुढे माझे पूर्ण नाव.

९ डिसेंबर, सोमवार

आज कंपनीने एका दिवसात एकतीसच्या एकतीस जुन्या खिडक्या काढून अंगणात टाकल्या. नवीन आलेल्या नाहीत.

कामावर देखरेख करणारे साहेब आहेत. त्यांचे नाव काहीही असो, इमारतीत त्यांना उद्यासाहेब म्हणतात, कारण कोणत्याही प्रश्नास त्यांचे उत्तर 'उद्या' असेच असते. मी त्यांना विचारले की नवी चौकट हाताशी नसताना जुनी काढावी, हे कोणत्या कारागिराने शिकविले? एक काढावी, तेथे नवी धरून पाहावी, ती बसली तर दुसरीस हात लावावा.

"आजोबा, आता पद्धत बदललीय."

"थंडी बदलली आहे का?"

त्यांनी घड्याळ पाहिले व म्हणाले, "खिडक्या उद्या येतील."

तूर्त भोकांना प्लास्टिकचा कागद ठोकला आहे. वारा आला की तो पोट फुगवितो आणि सोडतो. जणू घरात कोणी पाहुणा झोपला आहे.

११ डिसेंबर, बुधवार

न्हाणीघरातील बादलीवर बर्फाची साय धरली. सकाळी ती काठीने फोडली. नवीन खिडक्या नाहीत.

सूनबाई गेले दोन दिवस मुलाच्या आईचा तपकिरी स्वेटर घालते. तिच्याकडे स्वतःचे दोन आहेत. विचारले, तर म्हणाली, "हा घातला की तुम्ही माझ्यावर जरा कमी ओरडता, बाबा." यात काही अर्थ नाही. मी ओरडत नाही. मी स्पष्ट बोलतो.

१४ डिसेंबर, शनिवार

खिडक्या आल्या. एकही बसत नाही.

पहिली चौकट आमच्याच बैठकीच्या भोकात धरली. हवी त्यापेक्षा रुंदीला दोन सेंटीमीटर मोठी, उंचीलाही दोन. कामगारांनी मोगरीने ठोकावयास घेतली. मी ओरडलो (येथे मी ओरडलो, हे मान्य आहे), परंतु कोपरा उकलला. अशा रीतीने चार घरांत चार चौकटी फोडून मग ते थांबले.

उद्यासाहेब तक्ता घेऊन वर आले. त्यांनी पोलादी टेपने चौकट मोजली. एकशे वीस. तक्त्यावरही एकशे वीस. "बघा आजोबा. आम्ही कागदाप्रमाणं केलंय. कागद तुमचा आहे."

मी माझी पट्टी उघडली व तीच चौकट मोजली. एकशे बावीस. त्यांना बोलावून दाखविले. भोक मोजले: एकशे एकवीस. एकशे एकवीसच्या भोकास एकशे वीसची चौकट, एक सेंटीमीटर फटीला. माझा हिशोब चोख आहे. ह्यांनी एकशे बावीसची बनविली.

"अहो, टेप एकशे वीस दाखवतोय!"

"तर टेप खोटा आहे."

"टेप कसा खोटा असेल? कारखान्यातनं आलाय तो."

"ह्या चौकटीसुद्धा कारखान्यातूनच आल्या आहेत."

जिन्यात उभे असलेले लोक हसले. उद्यासाहेब म्हणाले की पट्टी आणि टेप शेजारी शेजारी ठेवून पाहू. मी पट्टी मिटून खिशात ठेवली. ह्या पट्टीने मी इमारतीतील निम्म्या लोकांची कपाटे केली. एकाचेही दार आजतागायत अडकलेले नाही. कालच्या टेपने तिची परीक्षा घ्यावयाची नाही.

सूनबाई दारात उभी होती. नंतर तिने चहा फार गोड केला.

१६ डिसेंबर, सोमवार

जिन्याच्या पायऱ्यांवर रहिवाशांची सभा भरली. सर्वजण कोट, शाली व टोप्या घालून बसले होते. बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती, त्यामुळे कोण बोलत आहे हे मागच्या रांगेसही कळत होते.

तळमजल्यावरील शिंपी म्हणाले, "आमच्याकडं कोट मोठा झाला तर गिऱ्हाइकाला सांगतो, साहेब, आतून स्वेटर घालायला जागा ठेवलीय. ह्या लोकांना तेवढंही सुचलं नाही."

चिटणीस म्हणाले, "कंपनी म्हणतेय, मापं रहिवाशांची."

तेव्हा सूनबाई उठली. तिने सांगितले की तक्ता तिने लिहिला होता. कदाचित ऐकताना तिचेच काही चुकले असेल. दोष द्यावयाचा तर तिला द्यावा, आणि मापे पुन्हा घेऊन प्रकरण मिटवावे.

मला हे मुळीच आवडले नाही. मी तेथेच म्हणालो, "ही एकतीस खिडक्यांत बासष्ट आकडे चुकीचे ऐकेल? औषधांच्या दुकानात काम करते ती. बहिरी नव्हे."

वरच्या मजल्यावरील हेडबाई (त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त, एकट्या राहतात) म्हणाल्या, "मिस्त्री म्हणतात माप बरोबर, तर बरोबर. मी त्यांच्या हातचं टेबल तीस वर्षं वापरतेय. डुगडुगलं नाही कधी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आठही घरांचे ठरले की नमते घ्यावयाचे नाही.

घरी आल्यावर मी सूनबाईस विचारले की तिने खोटे का सांगितले.

"सोपं होतं म्हणून, बाबा."

तिची समज थोडी कमी पडते. मनुष्याने जे केले नाही ते अंगावर घेऊ नये.

१९ डिसेंबर, गुरुवार

उद्यासाहेब आठ कागद घेऊन आले. शीर्षक: 'समाधानपत्र'. आत असे की, खिडक्यांचे काम रहिवाशांनी दिलेल्या मापांप्रमाणे पूर्ण झाले असून आम्ही समाधानी आहोत. ह्यावर आठही घरांनी सह्या केल्या, की ते चौकटी छाटून बसवून देतील. तोपर्यंत कामगार दुसरीकडे पाठविले आहेत. बांबूंची परांची तशीच उभी आहे. तिच्यावर कबुतरे बसतात.

मी विचारले, "समाधान झाल्याशिवाय समाधानपत्र कसे?"

"ती नुसती एक पद्धत असते हो."

"आपल्या पद्धती फार आहेत. खिडक्या नाहीत."

ते इतरांच्या दारी गेले. एकानेही सही केली नाही. शिंप्यांनी तर सांगितले, "समाधानपत्र खिडकीत लावा, वारा तरी अडेल."

२३ डिसेंबर, सोमवार

हेडबाईंना खोकला झाला आहे. सूनबाई रोज दुकानातून येताना त्यांच्याकडे जाते, गरम पाण्याची पिशवी देऊन येते. आज मीही गेलो. बाई तीन शाली घेऊन बसल्या होत्या, पायांत पुरुषी मोजे. त्यांची भाची गाडी घेऊन न्यावयास आली होती. बाईंनी तिला परत पाठविले.

"जायला हवं होतं," मी म्हणालो.

"अहो, मी गेले की ते आधी माझ्या रिकाम्या घरावरच सही मागतील भाचीकडून. ती घाबरट आहे, करील. तुम्ही उभे आहात तोवर मी हलत नाही." एवढे बोलून त्या बराच वेळ खोकल्या.

प्लास्टिकच्या कागदाला आतून पाणी सुटले होते. मी फडक्याने ते टिपले आणि उतरलो.

संध्याकाळी मुलाचा दूरध्वनी आला. "बाबा, कशाला हट्ट? करून टाका ना सही, छाटतील ते."

मी म्हटले, "तुझ्या आईच्या हाताखालून गेलेलं एक माप कधी परत आलं होतं?"

तो मग म्हणाला, "आईच्या हाताखालून गेलेलं नाही आलं." आणि सूनबाईला फोन द्यावयास सांगितले. ती आत जाऊन हळू आवाजात बरेच बोलली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

कंपनीच्या मुख्य कचेरीस पत्र लिहिले. तीन वेळा शुद्ध करून उतरविले. मागणी एकच: कंपनीने स्वखुशीने मान्य करावे की मापे बरोबर होती व चौकटी चुकीच्या केल्या. तोपर्यंत ह्या इमारतीत एकही सही मिळणार नाही.

सूनबाईने पत्र वाचले. "बाबा, एक करूया? माझ्या दुकानातली पट्टी आणते. तुमच्या पट्टीशेजारी ठेवून बघू. आपल्या घरातच. कुणाला कळणार नाही."

"कळायचं काय आहे?"

"काही नाही. तुमचं खरं निघेल."

"माझं खरंच आहे. निघायचं काय राहिलं?"

पत्र टपालात टाकून आलो. बोटे इतकी गारठली होती की पेटीच्या तोंडातून ते आत ढकलता येईना.

३० डिसेंबर, सोमवार

दुपारचे तीन वाजले आहेत. सूनबाई दुकानात आहे. जे झाले ते क्रमाने लिहितो.

कंपनीचे उत्तर आले. त्यात लिहिले आहे की, मापे घेणाऱ्याच्या अचूकतेचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. ह्यावर मला हसू आले. पुरावा ह्या वहीत आहे. सव्वीस वर्षांची मापे. त्या मापांच्या काही काचा आजही माझ्या डोळ्यांसमोर जागेवर आहेत. मी ठरविले की स्वयंपाकघरातील कपाटाच्या काचेचे माप वहीतून काढावे, प्रत्यक्ष काच मोजावी, व दोन्ही आकडे फलकावर लावावेत.

वहीत माप सापडले. मुलाच्या आईच्या अक्षरात: स्वयंपाकघर, कपाट, ४१ × ६३. प्रत्येक आकड्यावर तिने बारीक टिंब दिले आहे. चाळली त्या पानांवरही अशी टिंबे आहेत. मी आजवर समजत होतो की ती टाकाची सवय.

काच मोजली. पट्टी ४३ दाखविते. दुसरी बाजू ६५.

पुन्हा मोजली. पुन्हा तेच. मग मी बैठकीतील चित्राची काच मोजली, देवघराची काच मोजली, सूनबाईच्या आरशाची मोजली. सर्वत्र वहीपेक्षा दोन जास्त.

मी खुर्चीवर बसून पट्टी जवळून पाहिली. टोपीला लागून तीन. टोपी नखाएवढी. ह्या टोपीखाली दोन सेंटीमीटर मावणार नाहीत. कधीच मावले नव्हते.

वहीची पाने मागे उलटीत गेलो. सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या कडेला तिच्या अक्षरात एक ओळ आहे: 'पट्टी तुटली. आजपासून दोन सोडून.' त्या ओळीच्या वर टिंबे नाहीत. खाली सर्वत्र आहेत.

आता आठवते. पहिले काही दिवस आकडा पुकारल्यावर मीच म्हणत असे, 'दोन सोडून लिही.' नंतर म्हणणे सुटले. तिचे वजा करणे सुटले नाही. लाकूड मी त्याच पट्टीने मोजी आणि त्याच पट्टीने कापी, त्यामुळे घरात, कामावर, कोठेही ते उघडे पडले नाही. बाहेर जाणारा प्रत्येक आकडा तिच्या हाताखालून गेला.

मी तिला सव्वीस वर्षे आकडे पुकारले. तिने एकही जसाच्या तसा लिहिला नाही. आणि मी सूनबाईस सांगितले की तिने कधी प्रश्न विचारला नाही.

वर हेडबाई खोकत आहेत. येथे ऐकू येते.

३१ डिसेंबर, मंगळवार

 पट्टी मोजीत बसलो. ती दोन सेंटीमीटरने कमीच आहे.

२ जानेवारी, गुरुवार

दोन वाटा होत्या. गप्प राहून समाधानपत्रावर सही करावी. चौकटी छाटल्या जातील, माझे नाव राहील. किंवा गप्प राहून सही न करावी. माझे नाव राहील, आणि हेडबाई राहतील की नाही हे सांगता येत नाही. दोन्ही वाटांत गप्प राहणे समान होते. एकेचाळीस वर्षांत मी वाकडे बसलेले दार रंगाने झाकून दिले नाही.

सकाळी फलकावर कागद लावला. मजकूर येथे उतरवितो.

'रहिवाशांस कळविण्यात येते की, एकतीस खिडक्यांची मापे दोन सेंटीमीटरने जास्त गेली, ही चुक माझी. माझी पट्टी तुटकी आहे. लिहिणारीचा दोष नाही; तिने विचारले होते, मी गप्प केले. तथापि कंपनीने आपला मापाचा मनुष्य पाठविला नाही, नवी चौकट धरून न पाहता एकतीस जुन्या खिडक्या एका दिवसात काढल्या, व भर हिवाळ्यात कुडकुडणाऱ्या लोकांकडून समाधान लिहून मागितले, हे कंपनीचे. माझे मी घेतले आहे. कंपनीने आपले घ्यावे.'

खाली पूर्ण नाव, आणि 'मापे घेणार'.

नंतर मी घरात जाऊन बसलो नाही. फलकाशेजारी खुर्ची टाकून बसलो. ज्याला जे बोलावयाचे ते तोंडावर बोलावे.

चिटणिसांनी दोनदा वाचले. ते लाल झाले. "मिस्त्री, तीन आठवडे! तीन आठवडे आम्ही तुमच्या शब्दावर—" वाक्य पुरे न करता ते वर गेले. हे त्यांचे बरोबर आहे.

शिंप्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "आमच्या धंद्यात ह्याला काय म्हणतात माहितीये? वाढत्या अंगाचं." आणि माझ्या खांद्याला हात लावून गेले.

हेडबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरून आल्या. चष्मा लावून वाचले. मी उठून उभा राहिलो. वाटले, ज्या बाईने माझ्यासाठी भाचीला परत पाठविले, ती जे बोलेल ते ऐकून घ्यावयाचे.

"पेन्सिल द्या तुमची. तांबडी."

मी दिली. त्यांनी कागदावर एक खूण केली. "चूक. च दीर्घ, मिस्त्री. चुकीला ऱ्हस्व, चुकलं ऱ्हस्व, पण नुसती चूक दीर्घ."

मी म्हणालो, "हा शब्द लिहायचा प्रसंग फारसा आला नाही."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता खोकू लागल्या. मग शाल आवळून म्हणाल्या, "आता बसून काय राहिलात? छाटा."

दुपारी उद्यासाहेब आले. कागद पाहून त्यांचा चेहरा उजळला. खिशातून समाधानपत्र निघाले.

"झालं ना मग आजोबा! तुम्हीच लेखी दिलंत. आता करा सही, विषय मिटवू."

मी म्हणालो, "माझ्या चुकीवर मी सही केलेली आहे, ती फलकावर आहे. समाधानावर करणार नाही. समाधान झालेले नाही."

"मग आम्ही चौकटींना हात लावणार नाही."

"लावू नका. ज्या चार तुम्ही मोगरीने फोडल्या, त्या मात्र नवीन कराव्या लागतील. सत्तावीस मी छाटतो."

"तुम्ही? ह्या वयात? ह्या थंडीत?"

"आपण उद्या या, आणि पाहा."

सूनबाई संध्याकाळी कामावरून आली ती फलकापाशीच थांबली. ती वर आल्यावर मीच म्हणालो, "तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

"टोपी पाहिली तेव्हापासून शंका होती. चौकटी आल्या तेव्हा खात्री झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीन वेळा सांगितलं, बाबा. तुम्ही स्पष्ट बोलत होतात."

५ जानेवारी, रविवार

अंगणात जुन्या दोन खिडक्या आडव्या टाकून ठोकळ्यांवर कामाचा ओटा केला. रंधा पाजळून घेतला.  प्रत्येक चौकटीच्या चारी बाजूंनी एक एक सेंटीमीटर काढावयाचा. ह्याला आकडा लागत नाही, कागद लागत नाही. भोकात पट्टी धरावयाची, तीच चौकटीवर धरावयाची. ह्या कामात माझी पट्टी अजूनही खरी आहे.

पहिली खिडकी हेडबाईंची. अकरा वाजता बसली. त्यांनी उघडून पाहिली, मिटून पाहिली, पुन्हा उघडली. "आता मिटा!" शिंपी खालून ओरडले. "खिडकी आली म्हणून लगेच हवा खायला नको!"

दुपारपासून चिटणीस आले व चौकट धरावयास उभे राहिले. अद्याप ते माझ्याशी बोलत नाहीत. फक्त 'इकडे', 'थोडं वर' एवढेच म्हणतात. चालेल. कंपनीचा वयस्क सुतार, जो दुसऱ्या कामावर पाठविला होता, तो आपल्या सुट्टीच्या दिवशी स्वतःची करवत घेऊन आला. मी त्यास कारण विचारले. म्हणाला, "त्या दिवशी मोगरी मीच मारली होती. मलापण माहिती होतं, मारू नये. साहेब म्हणाले, मारा."

दिवसभरात पाच बसल्या.

१४ जानेवारी, मंगळवार

सत्ताविसावी आज दुपारी बसली. उद्यासाहेब मधून मधून येऊन छायाचित्रे काढतात व कोणाला तरी पाठवितात. काल त्यांनी विचारले की समाधानपत्रात 'समाधानी' ऐवजी दुसरा शब्द घातला तर चालेल काय. मी म्हटले, शब्द आपण सुचवा, शुद्धलेखन मी पाहीन. आज कचेरीचे पत्र आले: फुटलेल्या चार चौकटी कंपनी नवीन करून देईल, आणि मापे घेण्यास आपला मनुष्य पाठवील. तो मनुष्य, पत्रात म्हटल्याप्रमाणे, सध्या रजेवर आहे.

आम्ही त्याच्यासाठी थांबलो नाही; मापे आम्हीच पाठवू.

चार घरांतील चार भोके मी पुन्हा मोजली. सूनबाईने दुकानातून नवीन पोलादी टेप आणून माझ्या खिशात ठेवला आहे. तो खिशात आहे. मी माझी पट्टी उघडली. ती कमी आहे हे आता आम्हा सर्वांस ठाऊक आहे, आणि किती कमी तेही. ज्या पट्टीचा दोष माहीत आहे ती मला नव्या टेपपेक्षा बरी. सूनबाई वही घेऊन उभी राहिली. तपकिरी स्वेटर घातलेला होता.

मी पुकारले, "एकशे वीस."

तिने मोठ्याने, चारी घरांना ऐकू जाईल असे, म्हटले, "एकशे अठरा!"

मुलाची आई हे मुकाट्याने करीत असे. ही मोठ्याने करते. मी पुढचा आकडा पुकारला. तिने तोही खोडला. आठ आकडे पुकारले, आठही खोडले. चिटणीस हसले, आणि प्रथमच म्हणाले, "मिस्त्री, चहा घेणार का?"

आता घरी येऊन वही उघडली, तर तिने आठही आकड्यांवर बारीक टिंब दिले आहे. टिंबांविषयी मी कोणाला काही सांगितलेले नाही. ते फक्त ह्या वहीत लिहिलेले आहे.

म्हणजे ही वही तिने वाचली आहे.

वाचली तर वाचली. सूनबाई, 'तिची समज थोडी कमी पडते' हे १६ डिसेंबरचे वाक्य तू खोडलेले नाहीस, हे मी पाहिले. तांबडी पेन्सिल मेजावर आहे. ते मी स्वतःच खोडतो.